सल्ला हवाय: १८१८ सालच्या ब्रिटिश पार्लमेंटचं पक्षीय बलाबल कुठे मिळेल?

माणदेशी:
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात ३ जूनला मला पाऊण तास बोलायचंय. ३ जून १८१८ ला दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, तो विषय. कोरेगाव, आष्टी, बापू गोखले हे आमच्याकडे लहान पोराला पण पाठ आहे, म्हणून यावेळी मनात आलं की त्याच महिन्यात तिकडे लंडनच्या पार्लमेंटात कोण बसलेलं होतं, कुठल्या पक्षाचे किती होते, आपल्यावरच्या लढाईबद्दल तिथे कोणी तोंड उघडलं का, हे सांगावं. निकालाच्या दिवशी टीव्हीवर लोकसभेचा दाखवतात ना, इतके अमुक रंगाचे इतके तमुक रंगाचे, तसा एक मोठा तक्ता रंगवून भिंतीवर लावायचा विचार आहे, आठवीची दोन पोरं मदतीला आहेत.

पण तीन ठिकाणी शोधलं तर टोरी (सरकारकडचे) आणि व्हिग (विरोधातले) यांचे तीन वेगळे आकडे मिळाले आणि एका ठिकाणी तर सरळ "सरकारचे समर्थक" आणि "इतर" असं लिहिलंय. बरोबर आकडा कुठे मिळेल? फुकटात मिळेल असं सांगा, आणि इंग्रजी मी सावकाश वाचतो.

जुनीवही:
माणदेशी सर, तक्ता जरूर करा पण पक्षांचा करायच्या आधी हे वाचा. तुम्हाला तीन आकडे मिळाले कारण त्या काळी कुणी पक्षवार मोजदाद करून ठेवलेलीच नाही. आपल्याकडे पक्ष एबी फॉर्म देतो, चिन्ह असतं, निवडून आल्यावर कोण कुणाचा ते आयोगाच्या कागदावर असतं. तिथे यातलं काही नव्हतं. माणूस आपल्या नावावर, किंवा खरं म्हणजे आपल्या जहागिरदाराच्या नावावर निवडून यायचा, आणि आत गेल्यावर कुठल्या बाकावर बसायचं ते त्याचं तो ठरवायचा. टोरी हा शब्द तर बराच काळ समोरच्याने हिणवायला वापरलेला. धाकटा पिट, ज्याला आपण टोरींचा मोठा पुढारी म्हणून शिकलो, तो स्वतःला स्वतंत्र व्हिग म्हणवायचा. आपल्या जुन्या पुस्तकात हुजूर पक्ष म्हणून जो येतो तो पक्ष म्हणून नीट उभा राहिला १८३० नंतर.

आता आकडे का जुळत नाहीत त्याचं दुसरं कारण. मतदान घ्यायची वेळ आली की प्रेक्षक गॅलरी रिकामी करायचे, मग एका बाजूचे लोक सभागृहात बसून राहायचे आणि दुसऱ्या बाजूचे बाहेर लॉबीत जायचे, डोकी मोजायची, झालं. कुणी कुठे मत दिलं त्याची नावं सभागृह लिहीत नव्हतं, ते सुरू झालं १८३६ ला. त्याआधीच्या याद्या म्हणजे खासदारांनी वर्तमानपत्रांना पुरवलेल्या, आणि पुष्कळदा हरलेल्या बाजूने आपलीच नावं छापून आणलेली. म्हणजे जिंकलेल्यांत कोण होतं ते कळायला मार्ग नाही. आणि १६ ऑक्टोबर १८३४ ला पार्लमेंटची इमारत जळाली त्यात कॉमन्सचे, म्हणजे खालच्या निवडून आलेल्या सभागृहाचे, बहुतेक जुने कागद गेले. इतिहासकारांनी जमेल तेवढं गोळा करून माणूस माणूस तपासून अंदाज बांधलेत, आणि जो मधल्या लोकांना इकडे धरतो त्याचा आकडा वेगळा, तिकडे धरतो त्याचा वेगळा.

चौकसबाई:
मी इतिहासाची नाही पण एक विचारते. पक्षच नव्हता तर सरकार टिकायचं कसं? लॉर्ड लिव्हरपूल १८१२ पासून १८२७ पर्यंत पंतप्रधान होता ना, पंधरा वर्षं.

जुनीवही:
ताई, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. एक तर राजाचा पाठिंबा, तिकडे राजा वेडा झाला होता म्हणून राजपुत्र रीजंट, म्हणजे त्याच्या जागी कारभार बघणारा, तर त्याचा. दुसरं, सरकारी पगार, नेमणुका, कंत्राटं यातून बांधलेले खासदार. आणि तिसरे हे अपक्ष जमीनदार, काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून निवडून आलेले, शेतीवाडी असलेले, कुणाचं खाल्लेलं नाही म्हणून कुणाचं ऐकणार नाहीत असे. ते एरवी सरकारच्या बाजूने असायचे कारण राजाचं सरकार चाललं पाहिजे ही त्यांची प्रामाणिक समजूत, पण खिशाला हात लागला की उठायचे. १८ मार्च १८१६ ला सरकारने नेपोलियनशी लढाईच्या काळातला आयकर पुढे चालू ठेवायचा ठराव आणला तो २३८ विरुद्ध २०१ ने पडला. सरकार ३७ मतांनी हरलं आणि तरी राजीनामा नाही, दुसऱ्या दिवशी कामकाज पुढे सुरू. आज अर्थसंकल्पातला कर पडला तर सरकार पडेल. आणि कॅथलिकांना खासदार होऊ द्यायचं का या प्रश्नावर तर सरकारातच दोन तट होते, कॅनिंग आणि कॅसलरी द्या म्हणणारे, पील आणि खुद्द लिव्हरपूल नको म्हणणारे, आणि तो प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाने मत द्यायचा म्हणून उघडा ठेवलेला. सांगा बघू, यांना एका रंगात कसं रंगवणार?

लंडनचापाऊस:
फुकटात आणि विश्वासाने वाचता येईल असं ठिकाण म्हणजे हिस्टरी ऑफ पार्लमेंटची वेबसाइट. मी इकडे राहते, गेली काही वर्षं आवडीने वाचतेय. तुम्हाला १७९० ते १८२० चा विभाग लागेल, त्यात प्रत्येक खासदाराचं चरित्र आणि प्रत्येक मतदारसंघाचं पान आहे, तिथे मताचा हक्क कुणाला, मतदार साधारण किती, कुठल्या साली कोण उभं होतं, मालक कोण, सगळं. चरित्रं मोठी असतात, इंग्रजी जड आहे, म्हणून आधी मतदारसंघाची पानं वाचा, ती सोपी आहेत. भाषणं हवी असतील तर हॅन्सार्डचे, म्हणजे पार्लमेंटातल्या भाषणांच्या छापील नोंदीचे, जुने खंड १८०३ पासून ऑनलाइन आहेत, तारीख टाकून उघडता येतात. फक्त एवढं धरून चाला की ती भाषणं तेव्हा वर्तमानपत्रांवरून जुळवलेली, शब्दन् शब्द तसाच बोलला असेल असं नाही.

आणि सर, तक्त्याबद्दल माझा सल्ला, पक्षाऐवजी जागांचा करा, ते आकडे पक्के आहेत आणि लोक थक्क होतात. एकूण ६५८. आयर्लंड १८०१ ला जोडल्यावर त्यांचे १०० आले. इंग्लंडचे ४८९, वेल्सचे २४, स्कॉटलंडचे ४५. आता इंग्लंडच्या ४८९ मध्ये काउंटीचे ८०, ऑक्सफर्ड केंब्रिज विद्यापीठांचे ४ आणि बाकी ४०५ बरोचे, म्हणजे गावांचे, आणि त्यातली कितीतरी गावं उठून गेलेली. एकट्या कॉर्नवॉलचे ४४ खासदार, म्हणजे अख्ख्या स्कॉटलंडपेक्षा फक्त एक कमी! आणि मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स, जिथे गिरण्या आणि कारखाने धडधडत होते, त्यांचा स्वतःचा एकही नाही.

सॉल्सबरीजवळ ओल्ड सॅरम आहे तिथे मी दोनदा जाऊन आलेय. गवताची टेकडी, मधे पडक्या किल्ल्याच्या भिंती, खाली जुन्या कॅथेड्रलचा नुसता पाया. वस्ती नाही आणि दोन खासदार! वारा सुटलेला आणि मी तिथे उभी राहून विचार करत होते की इथून निवडून गेलेला माणूस हिंदुस्थानच्या कारभारावर बोलत होता.

कडेकपारी:
ओल्ड सॅरमचा धागा तर थेट आपल्याकडे येतो. थॉमस पिटने १६९१ ला ती जागा विकत घेतली, तो नंतर मद्रासचा गव्हर्नर झाला, हिऱ्यावाला पिट तो हाच, आणि त्याचा नातू थोरला विल्यम पिट १७३५ ला तिथूनच पार्लमेंटात गेला. १८०२ ला ती लॉर्ड कॅलेडनने घेतली, त्याच्या बापाचा पैसा पण हिंदुस्थानातच मिळवलेला. म्हणजे आपल्याकडचा पैसा तिकडे जाऊन जागा विकत घेत होता आणि त्या जागेवरचा माणूस आपल्याबद्दल मत देत होता. माणदेशी, हे भाषणात घ्याच.

अजून माणसं देतो, कारण मला वाटतं आपल्या लोकांना पक्षापेक्षा ओळखीची नावं धरून ठेवतील. आर्थर वेलस्ली, १८०३ ला असईला जिंकला तो. परत गेला आणि १८०६ ला राय नावाच्या सरकारी हुकमतीतल्या बरोतून खासदार झाला, कशासाठी, तर थोरला भाऊ रिचर्ड, आपला गव्हर्नर जनरल, त्याच्यावर जेम्स पॉल नावाच्या खासदाराने अवधच्या प्रकरणात आरोप मांडले होते, त्याचा बचाव करायला. हा पॉल स्वतः लखनौत व्यापार करून पैसा कमावलेला. १८२८ ला वेलस्ली, तेव्हाचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, पंतप्रधान झाला.

माल्कम, ज्याच्यापुढे बाजीराव आला. मुंबईचा गव्हर्नर राहून १८३० ला गेला आणि १८३१ ला लॉन्सेस्टनचा खासदार. ती पण खिशातली जागा, ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलँडच्या. आणि अशा जागा काढून टाकणारं सुधारणा विधेयक आलं तेव्हा त्याने विरोध केला.

ग्रँट रोड स्टेशनवर रोज उतरणाऱ्यांसाठी: रॉबर्ट ग्रँट १८१८ च्याच निवडणुकीत पहिल्यांदा खासदार झाला, स्कॉटलंडमधल्या एल्गिनच्या जागेवरून. बाप चार्ल्स ग्रँट कंपनीचा डायरेक्टर आणि इन्व्हर्नेसशायरचा खासदार, त्याने त्याच वर्षी जागा सोडली ती मोठ्या मुलाला गेली. रॉबर्ट पुढे १८३५ ला मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८३८ ला आपल्या पुण्याजवळ दापोडीला वारला.

सह्यवारा:
थोडं वेगळं म्हणतो, राग मानू नये. पक्ष नव्हतेच असं लोकांच्या डोक्यात बसवलंत तर तेही चुकीचं होईल. व्हिगांची मोठी घराणी होती, त्यांचा ब्रूक्स क्लब होता, त्यांचा पुढारी फॉक्स १८०६ ला वारला तरी त्याच्या नावाने जेवणावळी घालून लोक गोळा व्हायचे, वर्षानुवर्षं सत्तेबाहेर राहून तीच माणसं त्याच बाजूला मत देत राहिली. सत्तेचा लाभ नसताना वीस वर्षं एकत्र राहणं याला पक्ष नाही म्हणायचं तर काय? विरोधी पक्षनेत्यासारखं पण होतं. जॉर्ज पॉन्सनबी १८०८ पासून त्यांचा कॉमन्समधला पुढारी, तो जुलै १८१७ ला गेला आणि त्यांना वर्षभर पुढारीच मिळेना, १८१८ च्या उन्हाळ्यात टियर्नीला गळ घातली. म्हणजे सर, बाजीराव छावणीत आला त्या आठवड्यात कॉमन्समध्ये विरोधकांना नेता नव्हता. ग्रेनव्हिलचे लोकही नुकतेच व्हिगांपासून फुटून वेगळे बसायला लागलेले.

जुनीवही:
सह्यवारा, बरोबर आहे तुमचं, मी एका बाजूला जास्त झुकलो. असं म्हणूया की दोन टोकांना दोन घट्ट गट होते आणि मधला मोठा पट्टा सैल होता. विल्बरफोर्स आणि त्याचे धार्मिक मित्र एक, बर्डेटसारखे कडक सुधारणावाले मूठभर, कॅनिंगची माणसं वेगळी, आणि अपक्ष जमीनदार. मधला पट्टा सैल म्हणून तर १८३० च्या नोव्हेंबरात वेलिंग्टनचं सरकार २३३ विरुद्ध २०४ ने पडू शकलं, आणि २२ मार्च १८३१ ला सुधारणा विधेयकाचं दुसरं वाचन ३०२ विरुद्ध ३०१ ने पास झालं. एका मताने! त्यातून १८३२ चा कायदा आला आणि ओल्ड सॅरमसकट ५६ बरो साफ गेले.

माणदेशी:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून दोनदा वाचलं. आता तक्ता जागांचा करतो, ६५८ चौकोन, कॉर्नवॉलचे ४४ एका रंगात, स्कॉटलंडचे ४५ दुसऱ्या, मँचेस्टरच्या नावाची रिकामी चौकट बाजूला. पक्षांसाठी वेगळा छोटा कागद, दोन टोकं आणि मधे मोठी राखाडी पट्टी, आकडे न लिहिता. पण माझा मूळ प्रश्न राहिला, आपल्या लढाईबद्दल तिथे कोणी काही बोललं का?

लंडनचापाऊस:
बोलले, पण उशिरा. १० जून १८१८ ला, म्हणजे शरणागतीनंतर अवघ्या आठवड्याने पार्लमेंट विसर्जित झालं, अर्थात जहाजाने बातमी पोचायला कितीतरी महिने लागायचे, त्यामुळे त्या सभागृहाला पेशवाई बुडाल्याचं माहीतच नव्हतं. नवीन निवडून आलेल्यांसमोर ४ मार्च १८१९ ला कॅनिंगने गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज आणि फौजेच्या आभाराचा ठराव मांडला, कॅनिंग तेव्हा हिंदुस्थानचं खातं बघणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष. आणि त्याने त्यात आधीच सांगून टाकलं की हे आभार लष्करी कामगिरीपुरते आहेत, लढाईच्या धोरणाला पसंती असा त्याचा अर्थ धरू नये. हॅन्सार्डात ती तारीख उघडा, सावकाश वाचा, अडलं तर इथे विचारा. मला वाटतं तुमच्या पाऊण तासातली शेवटची दहा मिनिटं या एका भाषणाला द्या.

माणदेशी:
हे मिळालं म्हणजे सगळं मिळालं. वाचायला घेतो आजच. एकच शेवटचं, ते कॅसलरी नाव पोरांना मोठ्याने म्हणायचंय, बरोबर कसं म्हणतात?

लंडनचापाऊस:
कासलरे. इंग्रजी स्पेलिंगमधला ट इकडे म्हणत नाहीत.