अमेरिकन कॉलेज फुटबॉल : मॅचची वेळ शेवटपर्यंत का कळत नाही?

नेपरव्हिलची_आई

नमस्कार मंडळी. धाकटा यंदा बिग टेन या विद्यापीठ-संघांच्या गटातल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे, तिथल्या मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. ऑक्टोबरमध्ये पुण्याहून सासू-सासरे येताहेत आणि नातवाला त्या भल्यामोठ्या मैदानात वाजवताना बघायचं, असं सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय. तिकिटावर तारीख आहे, वेळेचा पत्ता नाही. आम्हाला गाडीने साडेचार तास लागतात. मॅच दुपारी बाराची असेल तर शुक्रवारीच निघावं लागेल, रात्री साडेसातची असेल तर शनिवारचा मुक्काम. हॉटेलवाले दोन रात्रींखाली खोली देत नाहीत आणि पैसेही परत मिळणार नाहीत म्हणतात. सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या आणि जेवणाच्या वेळा आहेत, त्या वेगळ्याच. ही वेळ ठरवतं कोण? आणि लवकर कळायचा काही मार्ग आहे का?

कॉलेजगावकर

ताई, वेळ विद्यापीठाच्या हातात नसते, टीव्ही वाहिन्या ठरवतात. १९८४ पर्यंत कुठली मॅच टीव्हीवर दिसणार यावर एनसीएएचा, म्हणजे कॉलेज खेळांच्या देशव्यापी संघटनेचा, ताबा होता, कारण घरबसल्या मॅच दिसली तर मैदानं ओस पडतील अशी त्यांना भीती होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली, सुप्रीम कोर्टाने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला आणि बाजार खुला झाला. आता प्रत्येक कॉन्फरन्स, म्हणजे बिग टेनसारखा विद्यापीठांचा गट, आपले टीव्हीचे हक्क स्वतः विकते. बिग टेनचा २०२३ पासूनचा करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरच्या वरचा आहे. ईस्टर्न (पूर्व किनाऱ्याच्या) वेळेप्रमाणे दुपारी बाराला फॉक्स, साडेतीनला सीबीएस, रात्री एनबीसी. कुठली मॅच कोण घेणार हे साधारण बारा दिवस आधी ठरतं, कधी कधी सहाच दिवस आधी. कारण सरळ आहे. ऑगस्टमध्ये जी मॅच भारी वाटते, ती ऑक्टोबर येईपर्यंत दोन हरलेल्या संघांची झालेली असते. वाहिनीला तोपर्यंत थांबायचं असतं.

आता मला जे जवळून दिसतं ते सांगते. आमच्या हायस्कूलच्या रोबोटिक्स क्लबसाठी आम्ही पालक स्टेडियममधला खाण्याचा एक स्टॉल चालवतो, विक्रीतला वाटा क्लबला मिळतो. बाराची मॅच असली की आम्ही सातच्या आत कामाला लागलेलो असतो. खेळ सुरू होतो तेव्हा विद्यार्थ्यांचा स्टँड अर्धा रिकामा, पहिला क्वार्टर संपता संपता पोरं डोळे चोळत येतात आणि कॉफी मागतात. साडेतीनला सगळ्यात चांगली गर्दी. लांबून येणारे आरामात पोचतात, टेलगेटिंग, म्हणजे पार्किंगमध्ये गाडीपाशी खाणंपिणं, करतात, वेळेत घरी जातात. रात्रीची मॅच म्हणजे वातावरण काय विचारता! पण नोव्हेंबरच्या थंडीत तिसऱ्या क्वार्टरला लहान मुलंवाले आणि म्हातारी माणसं उठायला लागतात.

तरीही मला वाटतं, वेळ कुठली यापेक्षा ती किती उशिरा कळते, याने जास्त नुकसान होतं. आमच्या स्टॉलवर एक दुभत्या गाईंचे शेतकरी नवरा-बायको नेहमी यायचे, दोन हॉट चॉकलेट आणि एक प्रेट्झेल. त्यांची सीझन तिकिटं सासऱ्यांच्या काळापासून. दूध सकाळ-संध्याकाळ काढावंच लागतं, आणि कुठल्या वेळी गोठ्यावर बदली माणूस हवा हे बारा दिवस आधी कळून माणूस मिळत नाही. शेवटी त्यांनी तिकिटं सोडली. ती बाई मला म्हणाली, वेळ कुठलीही ठेवा हो, पण जूनमध्ये सांगा. अशी माणसं एकदा गेली की परत येत नाहीत. टीव्हीवर जो गजर ऐकू येतो तो ह्याच लोकांचा असतो, हे वाहिन्यांनाही कळायला हवं.

आणि हे जमत नाही असंही नाही. एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्सने २०२४ पासून हंगामाआधीच सांगायला सुरुवात केली : ही मॅच बाराच्या सुमारास, ही दुपारी, ही रात्री. थोड्या मॅचची वेळ मोकळी ठेवतात. एवढ्यानेसुद्धा विमानाचं तिकीट काढता येतं.

तुमच्यासाठी : पहिल्या तीन आठवड्यांच्या आणि काही खास मॅचच्या वेळा उन्हाळ्यातच जाहीर होतात, कधी कधी होमकमिंगचीही (माजी विद्यार्थी परत येतात ती मॅच). ती यादी आधी बघा. इन्सुलिनचं सामान आत नेण्याबद्दल स्टेडियमला फोन करून विचारून ठेवा. आणि आजींना आतच न्या, कारण हाफटाइमला टीव्हीवर बँड क्वचितच दाखवतात.

पावसाच्या_गावातून

सिएटलमधून लिहितोय. आमचा संघ पश्चिमेकडच्या पॅक-१२ कॉन्फरन्समध्ये असताना रात्री साडेसातची मॅच म्हणजे नेहमीचं झालं होतं, कारण पूर्वेकडे तेव्हा साडेदहा वाजलेले असतात आणि त्या वेळी दुसरं कुणी खेळत नसतं. २०१७ मध्ये वॉशिंग्टनचे कोच क्रिस पीटरसन यांनी या उशिराच्या वेळांबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. त्याच आठवड्यात ईएसपीएनने मैदानाच्या कडेला तीन कपकेक मांडून कॅमेऱ्यात दाखवले, 'तुम्ही दुबळ्या संघांशी खेळता' हे सुचवायला (दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला इथे 'कपकेक' म्हणतात). मला ते फार लागलं. कोच प्रेक्षकांसाठी बोलत होता. स्टेडियमच्या दाराशीच लाइट रेल आहे, तरी झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन मध्यरात्री घरी पोचणं सोपं नाही.

मंगळवारची_मॅच

दुसरी बाजूही बघा. मी टोलीडोजवळ राहतो. आमच्या मॅक कॉन्फरन्सच्या मॅच नोव्हेंबरमध्ये मंगळवारी-बुधवारी रात्री असतात. स्टँड रिकामे दिसतात, मान्य. पण शनिवारी मोठ्या संघांसमोर आम्हाला बघतं कोण? मंगळवारी अख्ख्या देशात आमचीच मॅच चालू असते. टीव्हीच्या पैशावर पोहणं, कुस्ती, मुलींचे संघ चालतात. आणि गर्दी फक्त वेळेमुळे घटत नाही. जाहिरातींसाठी लाल टोपीवाला माणूस मैदानात येऊन खेळ थांबवतो तेव्हा घरी चहा करता येतो, इथे बाकावर कुडकुडावं लागतं.

कॉलेजगावकर

दादा, पैशाचं बरोबर आहे, मी नाकारत नाही. पण २०१८ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या विभागाची दर मॅचची सरासरी उपस्थिती ४२ हजारांच्या आत आली होती, १९९६ नंतरची सगळ्यात कमी. आणि वेळेचं म्हणाल तर ओक्लाहोमासारख्या बड्या विद्यापीठालाही विचारलं जात नाही. १९७१ च्या नेब्रास्काविरुद्धच्या गाजलेल्या मॅचला पन्नास वर्षं झाली म्हणून २०२१ मध्ये दोघांची मॅच ठेवली, ओक्लाहोमाने वेळ बदलून मागितली, तरी तिथल्या वेळेप्रमाणे सकाळी अकरालाच लागली. त्यांनी नाराजी जाहीरपणे सांगितली, बदललं काही नाही. पैसे घ्यावेत, पण करार करताना 'वेळ अमुक तारखेपर्यंत कळवायची' ही एक ओळ घालायला लावावी. विद्यापीठांनी एकत्र आग्रह धरला तर ते अशक्य नाही.

नेपरव्हिलची_आई

खूप आभार! यादी बघितली, आमच्या होमकमिंगची वेळ आधीच लागली आहे : साडेतीन. ट्रॉम्बोनवाल्याला विचारलं, तो म्हणतो सकाळची तालीम कुणालाही बघता येते. आता त्याच तारखेची तिकिटं शोधतेय. चार सलग, फार वर नको, सासऱ्यांना जिने चढवत नाहीत. कुणाकडे असतील तर कळवा.