डिलिव्हरीनंतर पोटाचे स्नायू जुळलेच नाहीत, ऑपरेशन केलेल्यांचा सल्ला हवाय

सईची_आई (पुणे):
नमस्कार मैत्रिणींनो. मोठा मुलगा शाळेत जातो, सई अडीच वर्षांची, दुसऱ्या वेळी सिझर. पोट अजून पाचवा महिना असल्यासारखं दिसतं, बसमध्ये अनोळखी बायका उठून जागा देतात, पण दिसण्याचं एक वेळ चालेल, मला खरा त्रास वेगळाच आहे. पलंगावरून सरळ उठायला गेले की बेंबीच्या वर मधोमध उभा उंचवटा येतो, संध्याकाळपर्यंत कंबर भरून येते आणि सईला कडेवर घेऊन जिना चढताना पोटात काही आधारच नाही असं वाटतं. सोनोग्राफीत बेंबीच्या वर ४.५ सेंमी गॅप आणि बेंबीपाशी छोटा हर्निया असं आलंय. फिजिओ मनापासून केलं, त्याने कंबर बरीच सुधारली पण गॅप तसाच. आता दोन सर्जनना दाखवलं तर दोघांचं म्हणणं वेगळं, जनरल सर्जन म्हणतात दुर्बिणीतून करू, हर्निया आणि गॅप एकदमच, जाळी बसवू. प्लास्टिक सर्जन म्हणतात कातडी सैल आहे, टमी टकच करा, म्हणजे जास्तीची कातडी काढून पोट आतून शिवायचं ऑपरेशन. सासूबाईंना वाटतंय बाळंतपणात पोट नीट बांधलं नाही म्हणून हे झालं आणि आता ऑपरेशन कशाला. केलंय का कोणी? कोणतं केलं, नंतर किती दिवस घरात मदत लागली, आणि इन्शुरन्सचं काय झालं, सगळं सांगा प्लीज.

फिजिओ_मुक्ता (नाशिक):
सईची आई, आधी सासूबाईंच्या मुद्द्याबद्दल, कारण माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या घरात हेच ऐकवलं जातं आणि त्या बिचाऱ्या उगाच अपराधी वाटून घेतात. पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी एक पांढरी पट्टी असते, गरोदरपणात ती ताणून रुंद आणि पातळ होते. हे शेवटच्या महिन्यांत सगळ्यांचंच होतं. बाळंतपणानंतर पहिल्या दोनेक महिन्यांत बरंचसं आपोआप भरून येतं, मग वेग मंदावतो आणि काहीजणींचं राहूनच जातं. सुती साडीने पोट बांधलं की आधार मिळतो, उठताबसता बरं वाटतं, पण त्याने पट्टी जुळत नाही. उलट कचकचून बांधलं तर दाब खाली जातो, खोकताना-शिंकताना लघवी सुटत असेल तर तो त्रास वाढू शकतो. सिझरनेही हे होत नाही, सिझरमध्ये हे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात.

दुसरं म्हणजे नुसत्या सेंटीमीटरवर जाऊ नका. साधारण २ सेंमीच्या वर अंतर असलं की डायस्टॅसिस म्हणतात, पण मी दोघींचा गॅप सारखाच असलेला बघितलाय, एकीची पट्टी दाबली की घट्ट लागते आणि ती पाण्याच्या कळशा उचलते, दुसरीची बोटं आत रुततात आणि तिला कुकर उचलताना कंबर धरते. तुमच्या बाबतीत फिजिओ करून झालंय, त्रास टिकून आहे, वर हर्निया आहे, त्यामुळे ऑपरेशनचा विचार अगदी योग्य वाटतो. फक्त व्यायाम थांबवू नका. ऑपरेशन शिवून देतं, पण श्वासाबरोबर पोटाचा आतला आडवा स्नायू आणि ओटीपोटाचे तळाचे स्नायू आवळायची सवय आधीपासून असेल तर नंतर खूप सोपं जातं. ज्या व्यायामात तो उंचवटा दिसतो, क्रंचेस, दोन्ही पाय एकदम वर उचलणं, ते सध्या बंद.

आणि हे सगळ्यांसाठी: बेंबीचा हर्निया एकाएकी दगडासारखा कडक झाला, आत जाईना, दुखायला लागला, उलट्या सुरू झाल्या किंवा वरची कातडी लाल-काळी दिसायला लागली तर सकाळची वाट बघायची नाही, ताबडतोब कॅज्युअल्टी.

मेधा_के (पुणे):
माझं टमी टक झालंय, आतून स्नायूंना टाके घालून. जुळ्यांनंतर कातडी इतकी लोंबत होती की खाली घामाने पुरळ यायचं, त्यामुळे दुर्बिणीचा प्रश्नच नव्हता. हे नीट समजून घे कारण तुझ्या दोन सर्जनांच्या मतांतला फरक इथेच आहे. दुर्बिणीतून स्नायू जवळ आणता येतात पण जास्तीची कातडी निघत नाही. टमी टकमध्ये एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत खाली आडवा छेद असतो, कातडी वर उचलून घेतात, मधल्या पट्टीला वरपासून खालपर्यंत टाके घालून दोन्ही स्नायू जवळ आणतात, ब्लाउज सैल झाला की आतून टीप मारतात ना तसं, मग जास्तीची कातडी कापतात आणि बेंबी नव्या जागी शिवतात. सिझरची खूण बहुतेक वेळा त्या कापलेल्या कातडीबरोबरच जाते. तेव्हा आरशासमोर वाकून, बसून बघ, कातडीची वळी हातात येते की फक्त पोट पुढे येतं? पुढे येत असेल आणि कातडी बऱ्यापैकी घट्ट असेल तर कमी छेदाचं ऑपरेशन विचारायला हरकत नाही.

प्लास्टिक सर्जनना एक नक्की विचार, बेंबीचा हर्निया आणि टमी टक एकदम करताना बेंबीचा रक्तपुरवठा कसा सांभाळणार. माझ्या सर्जनने हे स्वतःहून कागदावर काढून दाखवलं होतं. जो सर्जन असे प्रश्न ऐकून घेतो, टाके कुठे, जाळी का किंवा का नाही, पाणी साठलं तर काय, हे सांगतो त्याच्याकडे जा. पात्रताही बघ, प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी. नुसतं कॉस्मेटिक क्लिनिकचा बोर्ड बघून जाऊ नकोस.

आता घरचं. पहिला आठवडाभर सरळ उभंच राहता येत नाही, पोट ओढतं म्हणून वाकून चालावं लागतं, गुडघ्याखाली उशा घेऊन पाठ उंच करून झोपायचं. दोन्ही बाजूंना ड्रेनच्या, म्हणजे आत साठणारं पाणी बाहेर काढणाऱ्या, नळ्या होत्या, त्यांच्या बाटल्या गाऊनला सेफ्टी पिनने लावून फिरायचे, आंघोळीला जाताना आई धरायची. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी चालायला लावतात आणि ते चालायचंच, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर सर्जनना आधीच सांग, त्यांनी गाठीचा धोका वाढतो. साधारण सहा आठवडे पट्टा आणि जड काही उचलायचं नाही. जड म्हणजे सईसुद्धा! सगळ्यात कठीण तेच गेलं मला, माझी पोरं हात वर करून समोर उभी राहायची आणि मला घेता यायचं नाही. बेंबीखालचा भाग अजूनही बधिर आहे, खूण फिकी झाली पण गेली नाही. तरीही मी पुन्हा हेच करीन, कारण आज मी पाठीला हात न लावता सगळ्यांच्या पोळ्या लाटते.

गौरी_डोंबिवली:
माझं दुर्बिणीतून, हर्निया आणि गॅप दोन्ही, स्नायूच्या मागे जाळी. जनरल सर्जनने केलं, पण तो हर्नियाचीच ऑपरेशनं करणारा होता, पित्ताशय-अपेंडिक्समध्ये अधूनमधून हर्निया करणारा नव्हे. मला आधी एकाने नुसता हर्निया शिवू म्हणून सांगितलं होतं. तसं करू नकोस, शेजारची पट्टी तशीच पातळ ठेवली तर हर्निया परत होण्याची शक्यता वाढते. दुखणं मेधापेक्षा कमी असावं, पण कातडीखाली पाणी साठलं आणि सुईने काढावं लागलं. कातडी थोडी सैल राहिली, मला चालतं.

इन्शुरन्स: कॉस्मेटिक सर्जरी पॉलिसीत वगळलेलीच असते, टमी टकचे पैसे जवळपास कुणीच देत नाही, वर बिलात जीएसटी लागू शकतो तेही विचारून घे. हर्निया कव्हर होतो पण बहुतेक पॉलिसीत त्याला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तुझी पॉलिसी कधीची आहे बघ. माझा क्लेम पहिल्यांदा नाकारला कारण हॉस्पिटलच्या कागदावर गॅपचं ठळक लिहिलं होतं आणि हर्निया शेवटच्या ओळीत. मग सर्जनने सोनोग्राफी जोडून, हर्नियाचा आकार, दुखणं, फिजिओ करूनही फरक नाही, हे सगळं खरं खरं सविस्तर पत्र दिलं तेव्हा हर्नियाच्या भागाचे मिळाले, बाकीचे आम्ही भरले. ऑपरेशनच्या आधी प्री-ऑथ, म्हणजे इन्शुरन्स कंपनीची आगाऊ मंजुरी, लेखी घेतल्याशिवाय तारीख ठरवू नकोस. आणि खर्च जमणारा नसेल तर मुंबईत केईएम, सायनला प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत, रांग मोठी असते पण दाखवून तर ये.

मृण्मयी_मेलबर्न:
इथलं सांगते, कुणाची बहीण-नणंद ऑस्ट्रेलियात असेल तर उपयोग होईल. १ जुलै २०२२ पासून मेडिकेअरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्यात, गॅप शिवणाऱ्या टमी टकसाठी आयटम नंबर आहे, ३०१७५, म्हणजे त्या नंबरखाली सरकार खर्चाचा काही भाग देतं. अटी अशा की सोनोग्राफीसारख्या तपासणीत गॅप किमान ३ सेंमी, दुखणं, कंबरदुखी किंवा लघवीचा त्रास नोंदवलेला, फिजिओ करूनही फरक नाही, आणि गेल्या १२ महिन्यांत गरोदरपण नाही. आयुष्यात एकदाच मिळतं. सगळा खर्च निघत नाही, पण हा बायकांचा शौक नाही, पोटाच्या भिंतीचा आजार आहे हे सरकारी कागदावर आलं याचं मला फार मोल वाटतं. भारतातही हे व्हायला हवं, नोकरी करून पोरं वाढवणारी बाई कंबर धरून फिरते आणि तिला सांगतात की हे कॉस्मेटिक आहे.

वैशाली_सातारा:
एकच विचारते, तिसऱ्याचा विचार आहे का? असेल तर थांब. पुढचं गरोदरपण म्हणजे तेच टाके पुन्हा ताणले जाणार. आणि वजन पुढे कमी करायचं ठरवलं असेल तर तेही आधी करून स्थिर होऊ दे, सर्जन तेच सांगतील.

सईची_आई:
किती किती आभार सगळ्यांचे. तिसरं नाही, नक्की. वजनही वर्षभर तिथेच आहे. आरशासमोर बघितलं, कातडी सैल आहे पण लोंबत नाही, फुगवटाच जास्त आहे, त्यामुळे आता हर्नियाच बघणाऱ्या एका सर्जनचं तिसरं मत घेणार आहे, गौरीच्या मुद्द्यासकट. मुक्ताताई, तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या माझंही असंच आहे गं, मला कोणी सांगितलंच नाही. त्यांचंही सोनोग्राफीचं बघतेय. मेधा, ऑपरेशननंतर खोकला आला, रात्री उठायचं झालं तर काय करायचीस?

मेधा_के:
सासूबाईंना नक्की ने, वय झालं म्हणून सोडू नका. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन बसायचं, सरळ कधीच नाही, याची सवय आत्तापासून लाव. खोकला, शिंक आली की उशी पोटाशी दोन्ही हातांनी घट्ट धरायची. सईला सोफ्यावर स्वतः चढायला छोटं स्टूल ठेव, ती चढून शेजारी येऊन बसली की जवळ घेता येतं, उचलावं लागत नाही. आणि दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, तेव्हा पहिल्या दिवसापासूनच डॉक्टरांकडून त्याचं औषध मागून घे, कुंथून टाक्यांवर जोर येता कामा नये.