मदत हवी आहे: संपादित भाताच्या टी-१ पिढीत कॅस-९ विरहित रोप मिळत नाही

खाचर_३

नमस्कार. आयआर-६४ या बिनवासाच्या भातात बीएडीएच-२ जनुक बंद करायचं आहे. बासमतीत याच जनुकाच्या सातव्या एक्सॉनमधली (प्रथिनाची माहिती असलेल्या भागातली) डीएनएची ८ अक्षरं निसर्गतःच गळालेली असतात आणि त्यामुळे वास येतो. गाईड (डीएनए कापणाऱ्या कॅस-९ प्रथिनाला जागा दाखवणारा आरएनए) त्याच एक्सॉनवर आहे. गाईडला भाताचाच यू-३ प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग), कॅस-९ ला मक्याचा युबिक्विटिन. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ईएचए-१०५ (डीएनए रोपात नेणारा जिवाणू), कॅलसची (पेशींच्या गोळ्याची) निवड हायग्रोमायसिन (प्रतिजैविक) ५० मिग्रॅ प्रति लिटरवर.

टी-० च्या (थेट कॅलसमधून वाढलेल्या पिढीच्या) एका रोपात दोन्ही प्रतींत बदल दिसला: एकीत १ अक्षर जास्त, दुसरीत ५ कमी. त्याचं बी (म्हणजे टी-१ पिढी) हायग्रोमायसिनवर उगवून जगलेली रोपं कुंड्यांत लावली. पीसीआर केलं (डीएनएचा तुकडा वाढवून जेलवर पाहिला) तर सगळ्यांत कॅस-९ ची पट्टी येते. काहींत टी-० मध्ये नव्हतेच असे बदल आहेत. शिवाय यू-३ चे प्रायमर (वाढवायच्या तुकड्याची टोकं ठरवणारे छोटे डीएनए) लावले तर साध्या आयआर-६४ लाही पट्टी येते. डीएनए दूषित झाला असेल का? पुढे काय करावं?

पेशीपालक

पट्टीचं आधी सांगतो. दूषण नाही. यू-३ भाताच्या स्वतःच्या जीनोममध्येच आहे, त्यामुळे दोन्ही प्रायमर त्यात बसवले तर प्रत्येक भातात पट्टी येणारच. एक प्रायमर यू-३ मध्ये आणि दुसरा गाईडच्या स्कॅफोल्डमध्ये (कॅस-९ ला धरणाऱ्या भागात) घ्या, मग फक्त बाहेरचा तुकडा दिसेल.

आता मूळ अडचण. टी-१ ला हायग्रोमायसिन लावायचंच नाही. तुम्हाला हवी ती रोपं म्हणजे टी-डीएनए (जिवाणूने रोपात घातलेला डीएनए) गळून गेलेली रोपं, आणि निवडीचं जनुक त्याच टी-डीएनएवर असल्यामुळे नेमकी तीच मरतात. उरलेलं बी साध्या पाण्यावर उगवा आणि प्रत्येक रोपाच्या पानाचा डीएनए काढा.

किती रोपं तपासायची? टी-डीएनए एकाच जागी बसला असेल तर चारात एक रोप मोकळं मिळतं. दोन्ही प्रती आधीच तुटलेल्या असतील तर ११ रोपांत एक तरी सापडण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर जाते. टी-डीएनए दोन वेगळ्या जागी असेल, किंवा एकच प्रत तुटलेली असून दोन्ही तुटलेलं रोप हवं असेल, तर प्रमाण सोळात एक. मग ४७ रोपं धरा. दहा-बारा तपासून निराश होऊ नका.

‘पट्टी नाही’ हा पुरावा फार कच्चा असतो. डीएनए खराब असला तरी पट्टी येत नाही, म्हणून प्रत्येक नमुन्यात अ‍ॅक्टिनसारख्या भाताच्या जनुकाची पट्टी सोबत हवीच. टी-डीएनए तुटक बसल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तेव्हा कॅस-९ ची दोन्ही टोकं, हायग्रोमायसिनचं जनुक, गाईडचा भाग आणि टी-डीएनएच्या सीमेबाहेरचं कॅनामायसिनचं जनुक, सगळं तपासा.

ओंबी

नव्या बदलांबद्दल. टी-० रोप बहुधा मिश्र आहे. कॅस-९ कॅलसमध्येच काम संपवेल असं नसतं, फुटवे येतानाही ते कापत राहतं. एका पानाच्या डीएनएची क्रमवारी म्हणजे अख्ख्या रोपाची नव्हे. निदान तीन फुटव्यांची पानं वेगवेगळी तपासा आणि बी लोंबीनिहाय ठेवा. सगळं एकत्र झोडपलं की माग हरवतो. ज्या टी-१ रोपात कॅस-९ आहे, त्यात न कापलेली प्रत उरली असेल तर तीही पुन्हा कापली जाते. म्हणून आधी कॅस-९ नसलेली रोपं वेगळी काढा, क्रमवारी फक्त त्यांची करा. टी-२ मध्ये (त्यापुढच्या पिढीत) तोच बदल जसाच्या तसा आला तरच तो पक्का धरा.

सँगर पद्धतीने क्रमवारी वाचण्यासाठी प्रायमर कापापासून १५०–२०० अक्षरं लांब ठेवा. आलेखातली शिखरं फारच गुंतली तर तुकडा टी-व्हेक्टरमध्ये (जिवाणूत वाढवायच्या वाहक डीएनएमध्ये) घालून जिवाणूंच्या ८-१० वसाहती वाचा.

खाचर_३

दोघांचे मनापासून आभार. हायग्रोमायसिनचा मुद्दा कळला. आणखी एक: जनुक तुटलेलं दिसतं, तरी काही रोपांच्या पानांना वास नाही. आणि रोप मोकळं मिळाल्यावर शेतात न्यायची कागदपत्रं?

ओंबी

वास अप्रभावी गुण आहे, एक प्रत शाबूत असली तरी येत नाही. मिश्र शिखरांत ती शाबूत प्रत सहज सुटते. ३ किंवा ६ अक्षरं गळाली असतील तर वाचनचौकट (तीन-तीन अक्षरांची वाचणी) टिकते आणि प्रथिन चालूही राहू शकतं. तुमच्या १ आणि ५ च्या बदलांत ती मोडते, त्याच ओळी पुढे न्या. चाचणीत २ ग्रॅम पान बारीक चिरून १० मिली १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, झाकण लावून १० मिनिटं. शेजारी बासमती आणि आयआर-६४ ठेवा आणि बशांवर नावं न घालता दोघातिघांना हुंगायला द्या. चार-पाच बशांनंतर नाक थकतं, मध्ये थांबा.

पेशीपालक

कागदपत्रांचं: पर्यावरण मंत्रालयाच्या ३० मार्च २०२२ च्या ज्ञापनानुसार एसडीएन-१ आणि एसडीएन-२ (बाहेरचं जनुक न घालता स्वतःच्याच जनुकात बदल केलेल्या) वनस्पतींना १९८९ च्या नियमावलीतल्या नियम ७ ते ११ मधून सूट आहे, पण बाहेरचा डीएनए उरलेला नसेल तरच. तोवर रोप बंदिस्त हरितगृहातच. प्रकरण संस्थेच्या जैवसुरक्षा समितीतून जातं, म्हणून वरच्या पीसीआरचे जेल-फोटो आजपासूनच नीट लावून ठेवा. २०२५ मध्ये जाहीर झालेली डीआरआर धान १०० ‘कमला’ आणि पुसा डीएसटी राइस १ ही भातं याच गटातली आहेत.

वाण कोकणच्या खार जमिनीत न्यायचा विचार असेल तर आधी क्षारतेची चाचणी घ्या. सुवासिक भातांचं उत्पन्न खारेपणात जास्त घटल्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. कुंडीत मूळ आयआर-६४ शेजारी ठेवून दाणे भरण्याचं प्रमाण मोजा.