चेस्टरशिवाय लिंकिन पार्क: नाव बँडचं की आपलं?

विरार_फास्ट:
परवा डब्यात एक कॉलेजचा पोरगा लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचा काळा टीशर्ट घालून उभा. नालासोपाऱ्याला गर्दी आत आली आणि आम्ही दोघं नाकाला नाक लावून, मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कुठला अल्बम आवडतो रे? म्हणे 'फ्रॉम झीरो'. म्हणजे 2024चा, नव्या गायिकेचा. म्हटलं जुनं ऐकलंयस का? "हो अंकल, ते पण भारीये." अंकल सोडून द्या, पण 'ते पण' डोक्यात गेलं ते अजून उतरलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. 20 जुलै 2017ला बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन वारला, तेव्हाच ते नाव खुंटीला टांगायला हवं होतं. सात वर्षांनी एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन त्याच नावाने परत आले, जुना ड्रमर रॉब बोर्डनही नाही. बाईंचा गळा दणदणीत आहे, तो वाद नाहीच. पण 2003मध्ये बारावीत गचके खात होतो तेव्हा स्टेशनबाहेर तीस रुपयाला पायरेटेड एमपीथ्री सीडी घेतली होती, त्यात यांचे दोन अल्बम आणि शेवटी चुकून भरलेली दोन हिंदी गाणी. वडील रात्रपाळी करून झोपलेले, खोली एकच, त्यामुळे माझ्या वाटचं ओरडायचं काम चेस्टर करायचा. निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन 1994मध्ये गेला तर त्यांचा ड्रमर डेव्ह ग्रोलने निर्वाणाचं नाव वापरलं का? फू फायटर्स हा नवा बँड काढला ना? गायक इयन कर्टिस गेल्यावर जॉय डिव्हिजनवाल्यांनीही नाव बदलून न्यू ऑर्डर केलं. मग यांनाच काय अडचण होती?

गिरगावचा_बेसिस्ट:
अंकल (सॉरी, राहवलं नाही), चेस्टर स्वतःच रिप्लेसमेंट होता. आधी मार्क वेकफिल्ड गायचा, बँडचं नाव तेव्हा 'झीरो'. तो गेला, चेस्टर आला, नंतर नाव बदललं. 'फ्रॉम झीरो' नाव तिथूनच आलंय. आणि 2013 ते 2015 चेस्टर स्टोन टेंपल पायलट्स बँडमध्ये स्कॉट वायलँडच्या जागी गात होता. दुसऱ्याच्या जागी उभं राहायला त्याची स्वतःचीच हरकत नव्हती, मग तुमची का?

विरार_फास्ट:
वायलँडला बँडने काढलं होतं, तो जिवंत होता. भांडण होऊन माणूस जाणं वेगळं आणि असं जाणं वेगळं. आणि वेकफिल्डच्या वेळी त्यांना कुत्रं ओळखत नव्हतं, तेव्हा कोणाचं काय तुटलं?

उधारी_बंद:
मला एक कळत नाही, तो तुला ओळखत होता का? तू तीस रुपये दिलेस, ते पण पायरसीवाल्याला. बँडपर्यंत तुझी दमडी पोचली नाही आणि हक्क मालकाचा सांगतोयस 😂 नाव हा धंदा आहे. त्या नावावर तिकीट विकलं जातं, टीशर्ट विकला जातो. नवीन नावाने आले असते तर तूच म्हणाला असतास, हे कोण?

नाटकवेडी_दादर:
धंदा आहेच, पण नुसता धंदा असता तर 2018लाच कोणालातरी उभं केलं असतं, सात वर्षं कोण थांबतं?

आमच्याकडे नाटकात प्रमुख भूमिकेला रिप्लेसमेंट होते, पहिल्या प्रयोगाला शिवाजी मंदिरात लोक हाताची घडी घालून बसतात, बघू हिला जमतंय का. इंटरव्हलला वडा खाताना जुनीच बरी होती म्हणतात आणि दुसऱ्या अंकात रडतात. मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय हे.

भजनात_पखवाज:
आमच्या चाळीतल्या भजनी मंडळाचे बुवा गेले तेव्हा हाच वाद झाला होता. मंडळाचं नाव तेच ठेवायचं की नाही. तेच ठेवलं. तुकोबा गेले म्हणून अभंग थांबले का?

विरार_फास्ट:
बरं झालं तुकोबा काढलेत. अभंग कोणीही गावा, शेवटी 'तुका म्हणे' येतंच, गाणारा स्वतःचं नाव घालत नाही. एमिलीने चेस्टरची गाणी गायली तर माझी काही तक्रार नाही. पण आज कोणी स्वतः नवा अभंग लिहून त्याला 'तुका म्हणे' जोडला तर आपण त्याला काय म्हणतो? प्रक्षिप्त. 'फ्रॉम झीरो' प्रक्षिप्त आहे.

गिरगावचा_बेसिस्ट:
ओके, हे भारी होतं. पण मग बँडमधल्या माइक शिनोडाचं काय? पहिल्यापासून तो आहे, तो लिहितो, तो रॅप करतो. अर्धा तुका जिवंत आहे की!

मिठाचा_भात:
मी इथे फक्त वाचते, पण आज लिहिते. 2017 नंतर मी यांचं एकही गाणं लावलं नाही. रिक्षात लागलं तरी म्हणायचे, दादा जरा बदला. त्याच ऑक्टोबरमध्ये 'हॉलिवूड बोल' या खुल्या थिएटरात चेस्टरसाठी कार्यक्रम झाला, तेव्हा एका गाण्याला मधला माइक रिकामा ठेवला होता आणि सगळं गाणं समोरच्या लोकांनी म्हटलं. तो व्हिडिओ बघायला मला दोन वर्षं लागली, मोबाइल उलटा ठेवून नुसता आवाज ऐकला आधी. त्यामुळे उधारीवाले, तो मला ओळखत नव्हता हे मला कोणी सांगायला नको, माहितीये मला. विठोबा तरी वारीतल्या कोणाला नावाने ओळखतो?

पण विरारकर, तुमचंही पटत नाही हो. घरात माणूस गेला की मागे राहिलेल्या बाईने काय करावं हे शेजारी ठरवायचे ना पूर्वी? कुंकू लावू नकोस, हसू नकोस. शिनोडाकडून तुम्ही तेच मागताय. त्याचा तर मित्र गेला, आपला आवाज गेला. दुःखाचा पहिला नंबर त्याचा आहे, आणि त्याला वाजवावंसं वाटलं.

मी अजून नवीन ऐकलेलं नाही. ऐकेन असंही नाही.

विरार_फास्ट:
शेजाऱ्याचं लागलं जरा. खोटं नाही सांगत.
तरी नावाबद्दल मत तेच आहे.

उधारी_बंद:
ते राहू दे, सीडीतली ती दोन हिंदी गाणी कुठली ते सांग आधी.

विरार_फास्ट:
पाठ आहेत दोन्ही. सांगणार नाही.