२००४ : लोकसभा आठ महिने आधी विसर्जित केली, तिथेच वाजपेयी सरकार पडलं का?

बोरूबहाद्दर
डिसेंबर २००३ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड जिंकलं आणि भाजपला घाई सुटली. ६ फेब्रुवारीला लोकसभा विसर्जित, मुदत ऑक्टोबरपर्यंत असताना! १३ मेला निकाल : काँग्रेस १४५, भाजप १३८. देश चमकतोय असं सांगणाऱ्या सरकारच्या 'इंडिया शायनिंग'च्या जाहिराती लोकांसाठी होत्या, भुलले मात्र जाहिरात देणारेच. शुद्ध घोडचूक.

आकडेमोड
तारखेवर खापर फोडणं सोपं आहे. १९९९ ला काँग्रेसला २८.३० टक्के मतं आणि ११४ जागा होत्या. २००४ ला मतं २६.५३ टक्क्यांवर घसरली, जागा मात्र ३१ वाढल्या. ही लाट नव्हे, मोट बांधल्याचा परिणाम. द्रमुक डिसेंबर २००३ मध्येच रालोआतून (भाजपच्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीतून) बाहेर पडला आणि तमिळनाडूत ३९ पैकी ३९ जागा द्रमुक-काँग्रेस आघाडीने नेल्या. आंध्रात काँग्रेसने तेलंगण राष्ट्र समितीला सोबत घेतलं, तेलुगू देसम २९ वरून ५ वर. आपल्याकडे १९९९ ला वेगवेगळे लढलेले काँग्रेस-राष्ट्रवादी या वेळी एकत्र होते : युती २५, आघाडी २३.

बोरूबहाद्दर
अर्धंच सांगितलंत. काँग्रेसने ४५३ ऐवजी ४१७ जागा लढवल्या, म्हणून मतं घटली. भाजपने ३३९ वरून ३६४ केल्या, तरी मतं २३.७५ वरून २२.१६ वर आली. जास्त दुकानं उघडून गल्ला कमी, याला नाराजी म्हणतात. आणि द्रमुक गेल्यावर नवी मोट बांधायला वेळ नको होता?

आकडेमोड
वेळ होता, जोडीदार कुठे होता? तमिळनाडूत अण्णाद्रमुकला घेतलंच की, भोपळा मिळाला. डिसेंबरची हवा जिथे होती तिथे लवकर जाण्याचा फायदाही दिसला : मध्य प्रदेश २५, राजस्थान २१, छत्तीसगड १०. म्हणजे ६५ पैकी ५६.

कलमकसाई
दोघेही कायदा विसरताय. पाच वर्षं पहिल्या बैठकीपासून मोजतात, ती झाली २० ऑक्टोबर १९९९ ला. मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपर्यंत सार्वत्रिक निवडणुकीची अधिसूचना काढता येत नाही, म्हणजे विसर्जनाशिवाय साधारण २० एप्रिलपर्यंत हात बांधलेले. पुढे अर्जांना सात दिवस, दुसऱ्या दिवशी छाननी, माघारीला आणखी दोन, माघारीनंतर मतदानापर्यंत किमान चौदा. मे महिन्याचा मध्य उजाडलाच. त्यात चार टप्पे धरले तर शेवटचा टप्पा पावसात. तेव्हा खरे पर्याय दोनच : आत्ता विसर्जन, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर.

आता सप्टेंबरचं बघा. २००४ चा मोसमी पाऊस सरासरीच्या ८६ टक्क्यांवर थांबला. २००३ च्या चांगल्या पावसानंतर मत मागणं सोपं की त्या दुष्काळानंतर? महाराष्ट्र विधानसभा तर ऑक्टोबरातच झाली. युती तिथेही हरली.

बोरूबहाद्दर
पाऊस फसणार हे फेब्रुवारीत कुणाला ठाऊक होतं? निर्णय तेव्हाच्या माहितीवर तोलायचा. आणि तेव्हा द्रमुक गेलेला दिसत होता, काँग्रेस-राष्ट्रवादीचं सूत जुळताना दिसत होतं, बिहारचे रामविलास पासवान तर २००२ पासून रालोआबाहेर होते. तीन राज्यांचे निकाल तेवढे पाहिले, हे नाही.

आकडेमोड
हे मान्य. पण मग चूक बेरजेची झाली, कॅलेंडरची नाही. धाग्याचं शीर्षक बदला.