मदत हवी आहे: आरएक्स १००, रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही

यामाहा आरएक्स १००, १९९५ची, बरीच वर्षं शेडमध्ये पडून होती. टाकीतला गंज व्हिनेगरने काढला, कार्बोरेटरचं पायलट जेट (मंद गतीला पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) मोकळं केलं, फिल्टरचा फोम, प्लग आणि पेट्रोल पाइप नवे घातले. ऑइल पंपावर अजून भरवसा नाही, म्हणून तूर्त टूटी (टूस्ट्रोकचं ऑइल) पेट्रोलमध्येच, लिटरला ४० मिली.

दुसऱ्या किकला सुरू होते. पण गरम झाली की रेस सोडूनही किंचाळत राहते, चोक ओढला की शांत. प्लग पांढराफटक. म्हणजे कुठून तरी हवा ओढतेय. केबलला ढील आहे, स्लाइड अडकत नाही. कार्बोरेटरच्या रबरावर आणि रीड ब्लॉकच्या (इंजिनात मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या) कडेने क्लीनर मारून पाहिला, फरक शून्य. मॅग्नेटचं कव्हर उघडल्यावर मात्र कॉइल प्लेटमागे तेलकट ओल दिसली, तिला टूटीचा वास. गिअर ऑइल कमी होत नाही, धूरही बेताचा, त्यामुळे क्लचकडचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाभोवतीची रबरी रिंग) ठीक असावं.

मॅग्नेटकडचं, म्हणजे डावं क्रँक सील बाहेरूनच उचकटून नवं बसवता येतं का, की इंजिनची केस फोडावीच लागते? फोडायचीच तर बेअरिंग आणि दोन्ही सील एकदमच बदलावीत ना?

अशा लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) अवस्थेत पिस्टन जाम व्हायचा, म्हणून गाडी रस्त्यावर काढलेली नाही. ‘जुनी टूस्ट्रोक अशीच वागते’ हे उत्तर कृपया नको.