अनुभव धागा : नर्मदा परिक्रमेतलं रोजचं जगणं

नर्मदे हर मंडळी!

पायी परिक्रमेबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं जातं, पण त्यात चमत्कारच पुढे असतात. ज्याची जशी श्रद्धा. निघण्याआधी मला मात्र वेगळ्याच गोष्टी कळायला हव्या होत्या : रात्री अंग कुठे टाकायचं, पीठ कोण देणार, पाळी आली तर काय करायचं. 1312 किलोमीटरची नदी उजव्या हाताला ठेवून, तिची धार न ओलांडता दोन्ही काठांनी चालायचं, म्हणजे महिनोन्‌महिने परक्यांच्या ओसरीवर राहायचं. त्या राहण्याबद्दल लिहा. सुरुवात मी करते.

ओंकारेश्वरला गोमुख घाटावर वाटेत रोज पूजायचं नर्मदेचं जल कुपीत भरून जाऊबाई आणि मी निघालो. उजाडलं की चालायचं आणि 'बैठो माताराम' अशी हाक येईल तिथे टेकायचं. सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा : कणीक, डाळ, मीठ, दोन मिरच्या, नशीब असेल तर बटाटा. काटक्या गोळा करून तीन दगडांवर आपलं आपण रांधायचं. टिक्कड म्हणजे कणकेची जाड रोटी. आत कच्चं राहू नये म्हणून तव्यावरून उतरवून निखाऱ्यांशी उभं करायचं आणि कडेकडेने फिरवत राहायचं. एका आजीने माझ्या हातातून ते काढून घेऊन करून दाखवलं.

डिंडोरीकडे एका गोंड घरी मुक्काम होता. तांदूळ संपलेला. त्या बाईने मडक्यातून कोदो (एक भरडधान्य) काढली, सुपात पाखडली, भात शिजवून आम्हाला वाढला. पोरं दारात बसून बघत होती. 'आधी त्यांना वाढ' म्हटलं तर 'आप मैया के मेहमान हो' म्हणत तिने ताट पुढे सरकवलं. पैसे दिले, ते तिने घेतले नाहीत. घरी असताना शेजारणीकडे वाटीभर साखर मागायलाही मला संकोच होतो. इथे रोज हात पुढे करावा लागतो, आणि किती घ्यायचं हेही आपणच ठरवायचं. आम्ही आजच्यापुरतंच घ्यायचो, उद्याचं बांधून घ्यायचो नाही.

पाळीचं म्हणाल तर त्या दिवसांत कुपी जाऊबाईंकडे असायची. काही आश्रमांत वेगळं बसायला सांगत, शाळेच्या व्हरांड्यात कोणी विचारतही नसे. पुरेसं कापड आणि एक गडद साडी जवळ असू द्या.

जळगावहून, निवृत्त शिक्षक

मी शूलपाणीच्या झाडीबद्दल, म्हणजे वाटेतल्या डोंगराळ जंगलाबद्दल लिहितो. इथे मामालोक (परिक्रमावासी इथल्या भिल्लांना मामा म्हणतात) परिक्रमावासींना अंगावरच्या कपड्यांसकट लुटायचे, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आज त्याच डोंगरांत भिल्ल आणि पावरा घरांत मुक्काम मिळतो. सरदार सरोवराच्या पाण्याखाली किनाऱ्याची जुनी वाट गेली, मणिबेलीचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही गेलं. त्यामुळे नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, मोलगी भागातून डोंगर चढत-उतरत जावं लागतं आणि मैया बराच काळ दिसत नाही. आश्रमशाळेतली पोरं मराठीत पाढे म्हणताना ऐकली आणि मी तिथेच बसलो.

आमचे यजमान बुडीत गावातले होते. कड्यावर उभं राहून त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं : तिथे शेत होतं, तिथे मोहाची झाडं. ज्याची जमीन नदीच्या नावाने गेली, त्याच्याच घरी नदीच्या नावाने मी मक्याची भाकरी खाल्ली. या पट्ट्याबद्दल लिहिणाऱ्यांनी निसर्गसौंदर्यावर थांबू नये, एवढीच कळकळ आहे.

ठाण्याहून

सामानाबद्दल थोडक्यात. दोन जोड कपडे, घोंगडी, ताट-लोटा, टॉर्च, सुईदोरा. बाकी सगळं ओझं. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे घ्या, चालून पाय सुजतात. फोडातलं पाणी काढलंत तरी वरची कातडी ओढू नका.

बेळगावहून

धार ओलांडायची नाही, म्हणून नर्मदा समुद्राला मिळते तिथे नावेने समुद्रातून पलीकडच्या तटावर जायचं; त्या नावेबद्दल कोणी लिहिलं नाही. दक्षिण तटावरून कठपोरहून निघून उत्तरेला मिठी तलाईला उतरायचं. वेळ भरती ठरवते, त्यामुळे मध्यरात्रीही उठवतात. नाव खच्चून भरते, पाय लांब करता येत नाहीत, वारा ओला असतो. आमच्या शेजारी राजस्थानच्या एक मावशी होत्या. त्यांना उलट्या सुरू झाल्या, तेव्हा ओळखपाळख नसलेल्या एका बाबाजींनी आपली शाल काढून त्यांना दिली आणि स्वतः उघडे बसले. उतरताना घोट्याच्या वरपर्यंत चिखल. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि तुडुंब जेवूनही नको.

इंदूरहून, मूळ गाव महेश्वरजवळ

मी चाललेलो नाही, पण आमच्या घरी आजीच्या काळापासून परिक्रमावासी उतरतात. देवउठनी एकादशीनंतर ओसरी सारवून घ्यायची, ही आईची पद्धत. पूर्वी संध्याकाळी दोघं-चौघं यायचे, आता मोठे गट येतात. आई कुणाला परत पाठवत नाही, पण तिचं वय झालंय. ताईंनी आजच्यापुरतं घ्यायचं लिहिलंय ते वाचून तिला दाखवलं, ती खूश झाली. तिच्या वतीने विनंती : शक्यतो दिवेलागणीच्या आत पोहोचा आणि किती जण आहात ते आल्या आल्या सांगा, म्हणजे कणीक किती मळायची ते कळतं. उपास असेल तर तेही सांगा, भगर वेगळी टाकावी लागते. आणि निघताना द्रोण-पत्रावळी घाटावर टाकू नका, गोठ्यामागे खड्डा आहे.